हाताला कळेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो

पूलच्या टेबलावर क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, टिप पांढऱ्या बॉलवर आदळते, 'टक्' असा आवाज होतो आणि बॉल सुटतो. टिप आणि बॉल एकमेकांना किती वेळ टेकलेले असतात, सांगा बघू? साधारण एक मिलिसेकंद. सेकंदाचे हजार तुकडे केले, तर त्यातला एक! बॉलचा वेग, दिशा, फिरकी, जे काही ठरायचं ते त्या एवढ्याशा वेळात ठरून जातं.

आता पुढची गंमत ऐका. त्या आघाताची थरथर दांड्यातून हाताशी येते आणि तिथून मज्जातंतूंवाटे मेंदूकडे निघते. या प्रवासाला वीसेक मिलिसेकंद लागतात. बॉल सेकंदाला २ मीटर वेगानं निघाला असेल, तर तेवढ्यात तो ४ सेंटीमीटर पुढे पोचलेला असतो. म्हणजे 'वा, काय लागलाय!' असं वाटतं, तेव्हा फटका केव्हाच संपलेला असतो. त्या जाणिवेला त्या फटक्यात काडीचाही फरक करता येत नाही.

मग 'या क्यूचा फील वेगळा, त्या क्यूचा वेगळा' असं खेळाडू तासन्‌तास बोलतात, ते कशाबद्दल? आपल्या मापानं, आपल्या पसंतीच्या लाकडातून क्यू घडवून घेण्यासाठी लोक रांगा लावतात, त्या कशासाठी?

या प्रश्नाचा एक धागा बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये सापडतो. याच वस्तीत 'पंचवटी' नावाचं घर आहे, सी. व्ही. रामन यांचं. रामन म्हटलं की प्रकाश आणि १९३०चं नोबेल आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधी, कोलकात्यात असताना, त्यांना निराळ्याच प्रश्नांनी झपाटलं होतं. एक वस्तू दुसरीवर आदळते तेव्हा नेमकं काय घडतं? १९१८ साली त्यांनी अगदी हळू वेगाच्या टकरींचा छायाचित्रांच्या मदतीनं केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पियानोची हातोडी तारेवर आदळून परत फिरते तो क्षण त्यांनी तपासला. मृदंग आणि तबला इतके सुरेल का वाजतात, वीणेची आणि तंबोऱ्याची तार अशी का बोलते, यावरही त्यांनी लिहिलं. पूलच्या क्यूवर त्यांनी काही लिहिल्याचं मला माहीत नाही, पण क्यूची टिप म्हणजे तरी काय? बॉलवर क्षणभर टेकून मागे सरणारी चामड्याची हातोडीच!

आणि ज्याच्यावर आघात होतो ते आपल्या अंगाचा आवाज काढतं. बाजारात माठ घेताना आपण त्याला टिचकी मारतो. त्या आवाजावरून भाजणी कळते, तडा कळतो, आतलं न दिसणारं सगळं कळतं. क्यूचं तेच आहे. प्रत्येक फटका ही त्या दांड्याला मारलेली टिचकी असते. टिप कडक की नरम, तिच्यामागची फेरूल (कडी) कशाची, शाफ्टचं, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाचं, लाकूड किती ताठ, मधला सांधा पोलादी की लाकडाला लाकूड भिडवलेला, या सगळ्याचा वृत्तांत त्या थरथरीत असतो. हात तो वाचतो.

दोन क्यू शेजारी ठेवून बघा. स्नूकरची क्यू बहुधा ॲशच्या लाकडाची. तिच्या अंगावर बाणाच्या टोकांसारख्या रेघा स्पष्ट दिसतात आणि पुष्कळ खेळाडू प्रत्येक फटक्याआधी क्यू फिरवून ते बाण ठरलेल्या बाजूला आणतात. टिप जेमतेम ९-१० मिलिमीटरची, कारण बॉलही लहान, ५२.५ मिलिमीटरचा. पूलची क्यू बहुधा मेपलची. मेपलच्या रेघा डोळ्यांत भरत नाहीत, दांडा बोटांवरून सुळकन सरकतो. टिप १२-१३ मिलिमीटरची, बॉल ५७ मिलिमीटरचा. कार्बन फायबरचा शाफ्ट घेतलात तर आवाजच बदलतो आणि हाताला थरथर वेगळीच जाणवते. डोळे मिटूनही फरक कळावा इतकं हे उघड आहे.

पण मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. बॉलला फिरकी द्यायची तर मध्याच्या डावी-उजवीकडे मारावं लागतं. उजवीकडे मारलं, तर बॉल नेम धरलेल्या रेषेवरून जात नाही, किंचित डावीकडे सुटतो. साध्या मेपलच्या शाफ्टनं अगदी कडेला मारलं, तर हा फरक २ अंशांच्या आसपास जातो. दोन अंश म्हणजे किती? २ मीटरवर ७ सेंटीमीटर. बॉलच्या रुंदीपेक्षा जास्त! चांगला खेळाडू हा फरक मनात धरूनच नेम घेतो, मोजमाप न करता.

आता सांगा, हा फरक क्यूच्या कोणत्या भागावर अवलंबून असेल? एकूण वजनावर? सांध्यावर? मागच्या नक्षीदार बटावर? यांपैकी कशावरच नाही! तो ठरतो टोकाच्या साधारण १५ ते २० सेंटीमीटरमधल्या वजनावर. कारण पुन्हा तोच मिलिसेकंद. कडेला बसलेल्या आघातानं टोक बाजूला ढकललं जातं आणि वाकण्याची ती लाट दांड्यातून मागे सरकू लागते. ती वीतभर अंतर जेमतेम कापते, तोवर बॉल सुटून गेलेला असतो. मागच्या सव्वा मीटर लाकडाला या भानगडीची वार्ताच लागत नाही. बॉलच्या दृष्टीनं ते लाकूड बाजूच्या दिशेला जणू नसतंच.

हे नीट समजल्यावर अमेरिकेत १९९०च्या दशकात 'प्रेडेटर' कंपनीनं टोक हलकं केलेला शाफ्ट आणला. लाकडाच्या लांब फाका एकत्र चिकटवायच्या आणि पुढचा भाग आतून पोकळ ठेवायचा. टोक हलकं झालं, बॉलचं भरकटणं कमी झालं.

आणि कडेला मारता तरी कुणामुळे येतं? क्यूचं टोक एके काळी नुसतं लाकूड होतं, मध्यापासून जरा ढळलं की ते घसरायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या मेंगो नावाच्या कॅप्टननं, असं सांगतात की कैदेत असताना, टोकाला चामडं लावलं. पुढे १८९७ साली अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी टिपला लावायच्या नव्या चॉकचं पेटंट घेतलं. त्यात खडू नाहीच, सिलिका आणि कुरुंदासारखा खरखरीत पदार्थ आहे. या दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींमुळे आज टिप मध्यापासून सुमारे १४ मिलिमीटरपर्यंत सरकवता येते. त्यापलीकडे गेलात की टिप निसटते, चॉक लावा नाहीतर लावू नका.

मग आबनूस, शिसवी, हातानं बसवलेले टोकदार सांधे, आयरिश लिननचं वेष्टण, हे सगळं कशाला? जॉर्ज बालाबुश्का हा रशियात जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला सुतार. तो १९७५ साली वारला. त्याच्या हातच्या अशाच क्यू आज संग्राहक जिवापाड जपतात. 'द कलर ऑफ मनी' या १९८६च्या चित्रपटात टॉम क्रूझच्या हाती जी 'बालाबुश्का' दिसते, ती प्रत्यक्षात दुसऱ्याच कारखान्यातली आहे.

माझं मत असं की अशा क्यूचा मागचा भाग बॉलसाठी नसतोच, हातासाठी असतो. क्यू कुठे तोलली जाते हे बोटभर पुढे-मागे सरकलं की मनगटाची चाल बदलते, पकड घट्ट किंवा सैल होते, टिप बॉलच्या वेगळ्याच जागी लागते. बटाला बॉलशी बोलता येत नाही, पण ज्या हातावर बॉलचं भवितव्य ठरतं त्या हाताशी ते सतत बोलत असतं. आणि ती उशिरा पोचणारी थरथर? ती त्या फटक्यासाठी नसतेच, पुढच्या फटक्यासाठी असते. हजारो वेळा 'असं वाटलं तेव्हा बॉल तिथे गेला' ही नोंद होत जाते आणि मेंदूत त्या एका क्यूची वही तयार होते.

स्टीफन हेंड्रीनं स्नूकरची सातही जागतिक विजेतेपदं जिंकली ती अवघ्या ४० पौंडांच्या क्यूनं, लहानपणी घेतलेल्या. २००३ साली विमानप्रवासात ती मोडली. हळहळ झाली ती लाकडासाठी नव्हे, वर्षानुवर्षं भरलेल्या त्या वहीसाठी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या क्यूनं त्यानं ब्रिटिश ओपन जिंकली, हेही तितकंच थक्क करणारं. पुण्यात जन्मलेला आणि बेंगळुरूत अरविंद सवूर यांच्या हाताखाली तयार झालेला पंकज अडवाणी २००३ साली हौशी स्नूकरचा जगज्जेता झाला आणि २००५ साली बिलियर्ड्सचा. खेळ दोन, नियम वेगळे, बॉलची गणितं वेगळी, हात मात्र तोच.

तेव्हा दोन क्यूंची तुलना करायची असेल तर आधी दोन्हींना एकाच जातीची, सारखीच घासलेली टिप लावून घ्या, नाहीतर तुम्ही लाकडाची नव्हे, चामड्याची तुलना कराल. पांढरा बॉल आधी अगदी मध्यावर मारा आणि फक्त आवाज ऐका. मग त्याच जोरानं कडेला मारा आणि बॉल रेषा किती सोडतो ते पाहा. पहिल्यातून हाताचा निकाल मिळेल, दुसऱ्यातून टोकाचा. किंमत त्यानंतर विचारा.