मामा, तुम्ही फार बटणं दाबता!

चाळिशी उलटलेल्या माणसाने भाच्याशी कुस्ती धरू नये, मग ती पडद्यावरची का असेना, असे आमच्या सौभाग्यवतीचे स्पष्ट मत आहे. गेल्या दिवाळीत ते मी मानले नाही आणि फराळाचे ताट समोर असताना लागोपाठ अकरा वेळा चितपट झालो.

वास्तविक या विद्येत अस्मादिक अगदीच नवखे नव्हते. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' १९९१ साली निघाला. पुढे तो आमच्या गावच्या व्हिडिओ पार्लरात आला, तेव्हा एका नाण्यावर अर्धा तास तग धरणारा वीर म्हणून माझा लौकिक होता. दांडी खाली, तिरकी, पुढे आणि लगेच ठोसा, की र्‍यूच्या हातून निळा गोळा सुटलाच! मग नोकरी आली, लग्न झाले, घराचे हप्ते सुरू झाले, खेळ सुटला. आता भाच्याने २०२३ च्या जूनमध्ये निघालेला 'स्ट्रीट फायटर सिक्स' मांडला. र्‍यू तोच, केन तोच, गोळाही तोच. मी मात्र उभा राहण्यापूर्वीच आडवा!

"वय झालं रे. हात चालत नाहीत," मी म्हणालो.

भाचा एरवी अबोल. पण या विषयावर त्याला वाचा फुटते. "मामा, हात चालतात. नको तेवढे चालतात. तुम्ही फार बटणं दाबता."

आणि त्याने मला शिकवायला घेतले. वाचकहो, आपल्यापैकी कोणी असाच वर्षांनुवर्षांनी या आखाड्यात उतरणार असेल, तर त्याच्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो.

प्राणपट्टीखाली सहा खणांची एक हिरवी पट्टी असते. तिला ड्राइव्ह म्हणतात. जुन्या खेळात ही भानगडच नव्हती. दोन ठोसे एकदम दाबून डाव अधिक जबर केला की तिचे दोन खण जातात. 'ड्राइव्ह इम्पॅक्ट' नावाच्या रंगीत तडाख्याला एक. खण आपोआप भरतात. पण पट्टी साफ रिकामी झाली, की खेळाडू 'बर्नआउट' होतो. मग समोरचे खास डाव अडवले तरी प्राण झिजतो, आणि भिंतीपाशी तो रंगीत तडाखा अडवला तरी भोवळ येते. माझी पट्टी पहिल्या तारखेचा पगार चार तारखेला उडवणाऱ्या कारकुनासारखी दहा सेकंदांत संपे!

आता वयाचे त्रैराशिक मांडू. खेळाचा एक सेकंद म्हणजे ६० चित्रे. झटपट ठोसा चौथ्या चित्राला लागतो, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या हिश्शात. तो पाहून अडवणे विशीतल्या पोरालाही शक्य नाही. तोही अंदाजच बांधतो. पण ड्राइव्ह इम्पॅक्टला २६ चित्रे लागतात आणि उडी पाऊण सेकंदाची असते. एवढ्या अवधीत आमची पिढीसुद्धा जागी होते! मात्र बोटे आधीच दुसऱ्या बटणात गुंतलेली असता कामा नयेत.

म्हणून महिनाभर मी दोनच गोष्टी घोटल्या. सरावाच्या दालनात पुतळ्याला कधी उडी, कधी तडाखा असे आलटून पालटून करायला लावता येते. उडी आली की र्‍यूला बसवून जोरकस ठोसा. तडाखा आला की आपलाही तडाखा. तालमीत जोर काढावेत तसे रोज पंधरा मिनिटे, बाकी काही नाही. लांबलचक डावांच्या साखळ्या पाठ करण्याचा मोह होतो; तो टाळावा. उडी अडवता न येणाऱ्याला साखळी काय कामाची?

एका बटणात खास डाव निघणारी 'मॉडर्न' पद्धतही यात आहे. तशा डावाची मार मात्र सुमारे पंचमांशाने कमी. मला आधी तिचा कमीपणा वाटला. बोटांना जुनी वळणे आठवत असतील तर तीच ठेवावीत, नसतील तर खुशाल ही घ्यावी. हरल्यावर कोणी पद्धत विचारीत नाही.

आणि खंड पडला म्हणून खचू नये. जपानचा दाइगो उमेहारा २००४ च्या ईव्हो स्पर्धेतल्या एका अचाट बचावाने जगभर गाजला. पुढे त्याने हे खेळ सोडले, माजाँगच्या पटावर नशीब अजमावले, वृद्धांची शुश्रूषा केली. 'स्ट्रीट फायटर फोर' आल्यावर तो परतला आणि २००९ व २०१० अशी लागोपाठ दोन वर्षे ईव्हो जिंकला. आम्ही कुठले दाइगो! पण धीर येतो.

यंदा भाचा नोकरीसाठी परगावी गेला. ताईच्या फोनला "हो", "नाही", "जेवलो" याखेरीज उत्तर नाही. रात्री दहाला मात्र तो माझ्याशी खेळायला येतो, आणि दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळेत बोलतो. साहेब कसा आहे, डबा कसा आहे, खोलीवर एकट्याला करमत नाही, सगळे. ताई सकाळी मला विचारते, "काय म्हणाला रे?"

काल त्याने उडी घेतली. मी काहीच दाबले नव्हते. र्‍यूला बसवले, ठोसा हाणला, स्वारी खाली!

"मामा!" कानातल्या यंत्रात तो ओरडला. मग जरा थांबून म्हणाला, "आईला सांगा, पाडव्याला येतोय. आणि चला, अजून एक."

रात्रीचा निकाल सहा विरुद्ध दोन. दोन माझे.