नियंत्रण मंडलफलक, वातानुकूलकाचा

खोलीतील हवेचे तापमान मोजून त्यानुसार वातानुकूलकाचा संपीडक, पंखे व हवेची दिशा बदलणारी पाती यांचे चालन करणाऱ्या मुद्रित विद्युत् मंडलाच्या पट्टास नियंत्रण मंडलफलक म्हणतात. व्यवहारात कारागीर व ग्राहक दोघेही त्यास ‘पीसीबी’ असेच म्हणतात. वातानुकूलकातील प्रशीतकाचे मंडल बंदिस्त असते व ते उघडण्यास खास साधने व प्रशिक्षण लागते. फलक मात्र काही स्क्रू व जोडण्या सोडवून काढता येतो. म्हणून घरच्या घरी करता येण्यासारख्या मोजक्या दुरुस्त्यांत फलक बदलण्याची गणना होते. ही दुरुस्ती वाटते तितकी निर्धोक मात्र नाही. तसेच बदललेल्या फलकांपैकी काहींमध्ये मुळात दोष नसतोच.

खिडकीत बसविण्याच्या जुन्या वातानुकूलकात असा फलक नव्हता. परतीच्या हवेच्या मार्गात ठेवलेल्या बारीक नळीतील द्रव्याचा दाब तापमानाबरोबर कमीजास्त होई व त्यामुळे विद्युत् संपर्क जुळे किंवा तुटे. पंख्याचा वेग हाताने फिरवावयाच्या खटक्याने बदलत असे. अशा यंत्राचे निदान बरेचसे कानाने व हाताने होई. मुद्रित मंडलाची कल्पना पाउल आइस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने इंग्लंडमध्ये सु. १९३६ मध्ये प्रत्यक्षात आणली. पुढे सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाल्यावर तो वातानुकूलकात आला. १९८० नंतरच्या दशकात जपानमध्ये संपीडकाचा वेग सतत बदलणारी इन्व्हर्टर यंत्रे प्रचारात आली आणि फलक हा यंत्राचा सर्वांत नाजूक व महाग भागांपैकी एक बनला.

रचना व कार्य : भिंतीवरील स्प्लिट प्रकारात एक फलक आतील भागात असतो. त्यावर २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबापासून १२ व ५ व्होल्ट एकदिश दाब तयार करणारे मंडल, सूक्ष्मप्रक्रियक आणि रिले असतात. दाब एकाएकी वाढल्यास तो स्वतःवर घेणारा व्हॅरिस्टर आणि फ्यूज हे प्रवेशाजवळच बसविलेले असतात. तापमान मोजण्यासाठी थर्मिस्टर वापरतात. त्याचा रोध तापमान वाढले की कमी होतो. एक थर्मिस्टर खोलीच्या हवेसाठी व दुसरा थंड होणाऱ्या नळ्यांसाठी असतो. संपीडक बंद झाल्यावर साधारणतः तीन मिनिटे तो पुन्हा सुरू होऊ नये, ही काळजीही फलकच घेतो. पुष्कळदा ‘बाहेरचे यंत्र लागत नाही’ या तक्रारीचे कारण एवढेच असते. भारतात तारांकित कक्ष वातानुकूलक १ जानेवारी २०२० पासून सुरू करताच २४° से. वर यावेत अशी तरतूद झाली. ही मूळ नोंदही फलकाच्या स्मृतीतच असते.

इन्व्हर्टर यंत्राच्या बाहेरील भागात दुसरा, अधिक शक्तीचा फलक असतो. तो प्रत्यावर्ती दाबाचे एकदिश दाबात रूपांतर करतो, तो मोठ्या धारित्रांत साठवितो आणि त्यापासून बदलत्या कंप्रतेचा त्रिकला प्रवाह निर्माण करून संपीडकास पुरवितो. २३० व्होल्ट दाबाचे शिखरमूल्य सु. ३२५ व्होल्ट असल्याने धारित्रांवर किमान तेवढा दाब येतो; काही मंडलांत तो याहूनही वाढविला जातो. एकूण धारिता १,००० मायक्रोफॅराड धरल्यास ३२५ व्होल्टला सु. ५३ जूल ऊर्जा साठते. वीज बंद केल्यानंतरही ती काही काळ तेथे राहते व मनुष्यास प्राणघातक ठरू शकते. शिवाय अनेक बाह्य फलकांवर ५ व्होल्टचा भागही मुख्य विद्युत् पुरवठ्यापासून अलग केलेला नसतो. ‘कमी दाबाची बाजू’ म्हणून तेथे बोट लावणे ही गंभीर चूक होय.

बिघाडाची कारणे : कोकण किनाऱ्यावर व मुंबईत खारट दमट हवेमुळे तांब्याच्या रेषा गंजतात. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात बाहेरील भागाभोवतीची हवा फार तापून विद्युत् विच्छेद्य धारित्रे लवकर वाळतात. विजेचा दाब वारंवार कमीजास्त होणे, वीज परत येताना बसणारा झटका ही नेहमीची कारणे आहेत. ऊब शोधीत पेटीत शिरलेली पाल दोन टोकांमध्ये चिकटून मंडल संक्षिप्त करते व स्वतःही मरते. मुंग्या रिलेत घर करतात. अशा वेळी नवा फलक बसविण्यापूर्वी ती वाट बुजविली नाही, तर त्याचीही तीच गत होते.

निदान : फलक दोषी ठरविण्यापूर्वी साध्या गोष्टी तपासाव्यात. दूरनियंत्रकातील विद्युत् घट, भिंतीवरील खटक्याशी मिळणारा दाब, फ्यूज आणि हवागाळणीतील धूळ यांची पाहणी प्रथम करतात. नळ्यांवर बर्फ धरत असेल तर दोष बहुधा हवेच्या वहनात किंवा प्रशीतकाच्या प्रमाणात असतो, फलकात नव्हे. थर्मिस्टर काढून त्याचा रोध मोजावा. अनेक यंत्रांत २५° से. ला तो ५ किंवा १० किलोओहम असतो आणि मुठीत धरल्यास अडथळ्याविना उतरत जातो. तो अनंत किंवा शून्य आढळल्यास अल्प किंमतीचा थर्मिस्टर बदलून काम भागते. स्थिर वेगाच्या यंत्रात संपीडकाचे धारित्र फुगले आहे का, हे नुसत्या डोळ्यांनीही कळते. दिव्यांच्या उघडझापीवरून दोषाचा क्रमांक मिळतो, पण त्याचा अर्थ प्रत्येक निर्मात्याचा वेगळा असल्याने त्या प्रतिमानाची पुस्तिकाच पाहावी लागते.

सर्वांत महत्त्वाची तपासणी फलकाबाहेरची आहे. संपीडकाच्या तिन्ही गुंडाळ्यांचा परस्पर रोध (इन्व्हर्टर यंत्रात) सारखा असावा व त्यांपैकी कोणतीही गुंडाळी धातूच्या कवचाशी जोडलेली नसावी. पंख्याचे चलित्रही असेच तपासावे. संपीडक किंवा चलित्र जळालेले असताना नवा फलक जोडला, तर तो पहिल्या काही सेकंदांतच निकामी होतो आणि ग्राहकाचा खर्च दुप्पट होतो.

बदलण्याची पद्धती : दूरनियंत्रकाने यंत्र बंद करणे पुरेसे नाही, मुख्य फलकावरील एमसीबी उतरवून दुसऱ्या कोणी तो चढवू नये अशी व्यवस्था करतात. बाहेरील भागास निदान दहा मिनिटे स्पर्श करू नये व त्यानंतर मल्टिमीटरने धारित्रांवरील एकदिश दाब मोजावा. तो उरला असल्यास निरोधक आवरणाच्या तारांनी सु. २ किलोओहम, १० वॉटचा रोधक काही सेकंद जोडून तो उतरवितात व पुन्हा मोजतात. स्क्रू फिरविण्याच्या पेचकसाने टोके जोडण्याची रूढ रीत धोक्याची असून तिने भागही खराब होतात.

कोणतीही तार काढण्यापूर्वी सर्व जोडण्यांची छायाचित्रे घ्यावीत. स्मरणशक्तीवर विसंबू नये. खाचेतून जोडणी काढताना तार न ओढता तिचे प्लॅस्टिकचे टोक धरतात. हवेतील आर्द्रता कमी असताना अंगावर साचलेल्या स्थिर विद्युतामुळे सूक्ष्मप्रक्रियक बिघडू शकतो. म्हणून फलक कडेने धरावा व आधी भूसंपर्क असलेल्या धातूस हात लावावा. आतील व बाहेरील भागांना जोडणाऱ्या तारांचा क्रम विशेष जपावा लागतो. संदेशवहनाच्या तारेच्या जागी विद्युत् पुरवठ्याची तार लागल्यास नवा फलक तत्काळ जळतो. बाहेरील फलकावरील शक्ती-घटक ॲल्युमिनियमच्या उष्णता विसर्जकावर आवळलेला असतो. जुना वाळलेला लेप पुसून उष्णतावाहक लेपाचा नवा पातळ थर द्यावा आणि स्क्रू समान ताणाने आवळावेत. हा लेप विसरल्यास यंत्र प्रथम उत्तम चालते व घटक अतितप्त होऊन पुढे बंद पडते, त्यामुळे कारण चटकन लक्षात येत नाही.

फलकाची निवड दिसण्यावरून करू नये, त्यावरील छापील क्रमांकावरून करावी. एकाच फलकावर जोडतार, छोटे खटके किंवा वेगळी स्मृति-चकती बदलून १ व १.५ टनाची (१ टन म्हणजे सु. ३.५ किलोवॉट शीतन) दोन्ही यंत्रे चालवितात, जुन्या फलकावरील मांडणी नव्यावर उतरवून घेतली नाही, तर पंख्याचा वेग व संरक्षणाच्या मर्यादा चुकतात. बाजारात ‘युनिव्हर्सल’ नावाने मिळणारा स्वस्त फलक, दूरनियंत्रक व थर्मिस्टर यांचा संच स्थिर वेगाच्या जुन्या यंत्रास उपयोगी पडतो. मात्र त्यात मूळ यंत्रातील काही संरक्षणे नसतात आणि इन्व्हर्टर यंत्रास तो चालत नाही.

बाहेरील भाग उंच इमारतीच्या खिडकीबाहेर लोखंडी कोनावर बसविलेला असल्यास फलक कितीही सोपा असला तरी ते काम गृहस्थाने करू नये. विजेइतकाच तेथे तोल जाण्याचा धोका असतो. हमीची मुदत चालू असताना पेटी उघडल्यास हमी नाकारली जाऊ शकते, हेही आधी पाहावे. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती ग्राहकास मिळावी, या हेतूने केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी संकेतस्थळ सुरू केले.

काढलेला फलक टाकाऊच असतो असे नाही. रिले, व्हॅरिस्टर, धारित्र यांसारखे भाग डाखकाम येणाऱ्या कारागिरास बदलता येतात व ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील दुकानांत सहज मिळतात. जळून कोळसा झालेली पट्टी मात्र दुरुस्त करण्याच्या भरीस पडू नये, कारण कोळशातून विद्युत् वाहत राहते. असा फलक घरच्या कचऱ्यात न टाकता, १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांखाली नोंदणी झालेल्या पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे जाईल अशा संकलन केंद्रात द्यावयाचा असतो.