वेताचा जमाखर्च

श्वानपालन : व्यवहार आणि विवेक – लेखांक ६

कुत्र्यांची पैदास करून पिल्ले विकणे हा धंदा मुळातच गैर आहे, की नीट केला असता तो समर्थनीय ठरू शकतो, हा वाद बहुधा भावनेच्या पातळीवर सुरू होतो आणि तेथेच अडकून पडतो. मागील लेखांकात पैदाशीसाठी नर व मादीची निवड कोणत्या निकषांवर करावी याचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकात मादी गाभण राहिल्यापासून पिल्ले नव्या घरी जाईपर्यंतच्या साधारण चार महिन्यांचा विचार करावयाचा आहे, कारण या काळात करावा लागणारा खर्च आणि घ्यावे लागणारे कष्ट खरोखर घेतले जातात की टाळले जातात, यावर त्या वादाचे उत्तर बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

गावठी कुत्र्यांच्या माद्या साधारणपणे वर्षातून एकदा, भाद्रपदाच्या सुमारास माजावर येतात आणि कार्तिक-मार्गशीर्षात वितात. लॅब्रॅडॉर, पग, पॉमेरेनियन अशा जातींच्या माद्या मात्र ऋतूची वाट न पाहता दर सहा-आठ महिन्यांनी माजावर येतात, आणि व्यापारी पैदास याच वस्तुस्थितीवर उभी असते. एकही माज रिकामा जाऊ न देण्याच्या प्रथेचे समर्थन कधीकधी शास्त्राच्या आधारे केले जाते, आणि त्यात काही तथ्यही आहे. माज ओसरल्यावर प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक, मादी गाभण असो वा नसो, सुमारे दोन महिने रक्तात चढेच राहते, त्यामुळे माज रिकामा गेल्याने गर्भाशयाला पूर्ण विसावा मिळतो असे म्हणता येत नाही. म्हणून काही पशुवैद्यक धडधाकट मादीची मोजकी वेते तरुण वयात लागोपाठ घेऊन नंतर तिचे गर्भाशय काढून टाकणे अधिक हिताचे मानतात. परंतु हा युक्तिवाद प्रत्येक वेताआधीची तपासणी, झडलेले वजन भरून येणे आणि वेळेवर निवृत्ती या अटींवर आधारलेला आहे, आणि बाजारात त्यातील ‘लागोपाठ’ एवढाच भाग उचलला जाऊन अटी मात्र गाळल्या जातात.

कुत्रीचा गर्भकाळ बीजविमोचनापासून, म्हणजे बीजांड बीजकोशातून बाहेर पडल्यापासून, सुमारे ६३ दिवसांचा असतो. मात्र नराचे शुक्रजंतू मादीच्या शरीरात कित्येक दिवस जिवंत राहत असल्याने नर दाखवल्याच्या तारखेपासून मोजले, तर हाच काळ ५७ ते ७२ दिवसांपर्यंत कमीजास्त भरतो. साधारण चौथ्या आठवड्यानंतर सोनोग्राफीत गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसतात, तर अखेरच्या आठवड्यात काढलेल्या क्ष-किरण चित्रात पिल्लांचे सांगाडे मोजता येतात. ही मोजणी म्हणजे केवळ कुतूहल नव्हे. पोटात पाच पिल्ले आहेत हे ठाऊक असेल, तरच चौथ्यानंतर थांबलेली मादी मोकळी झाली आहे की अडली आहे, हे ओळखता येते. याच काळात ‘ताकद यावी’ म्हणून कॅल्शियम देण्याची पद्धत सर्रास आढळते. पण बाहेरून आयते कॅल्शियम मिळत राहिल्याने हाडांतील साठा मोकळा करण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि व्याल्यानंतर दूध भरात आले की रक्तातील कॅल्शियम एकाएकी कोसळून, विशेषतः लहान चणीच्या जातींमध्ये, मादीला कंप सुटतो, ताप भरतो आणि झटके येतात. या अवस्थेला एक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि तातडीने उपचार न मिळाल्यास ती जिवावर बेतते.

विण्याची जागा आठवडाभर आधी तयार करून मादीला तिची सवय करावी लागते. शांत कोपऱ्यात, मादीला पाय ताणून कुशीवर पडता येईल एवढी पेटी ठेवून तिच्या आतील बाजूंना, तळापासून थोड्या उंचीवर आडवी पट्टी बसवतात, म्हणजे मादी पेटीच्या कडेला रेलली तरी तिच्या पाठीमागे सापडलेल्या पिल्लाला पट्टीखाली पोकळी मिळते आणि ते चिरडत नाही. अखेरच्या आठवड्यात दिवसातून दोनदा गुदद्वारातून तापमान घेतल्यास, एरवी १०१ अंश फॅरनहाइटच्या आसपास असलेला पारा ९९ अंशांच्या खाली उतरलेला दिसतो, आणि त्यानंतर साधारण २४ तासांत मादी विते. आधीच्या सहा ते बारा तासांत ती अस्वस्थ होते, धापा टाकते, अन्न नाकारते, अंथरूण उकरते. पुढे कळा सुरू झाल्या की पिल्ले बहुधा अर्ध्या-एक तासाच्या अंतराने येतात आणि त्यांच्या मागोमाग वार पडते. मादी स्वतःच पिशवी फाडते, नाळ तोडते आणि पिल्लू चाटून त्याचा श्वास सुरू करते, म्हणून जाणत्या माणसाचे काम बव्हंशी जवळ बसून नोंद ठेवण्याचे असते.

तथापि ही नोंदच संकटकाळी निर्णायक ठरते. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर न येणे, आत पिल्ले शिल्लक असताना दोन तासांहून अधिक खंड पडणे, किंवा पहिले पिल्लू येण्याआधीच हिरवट-काळा स्राव दिसणे, ही पशुवैद्यकाला तत्काळ बोलावण्याची लक्षणे होत. हा हिरवा रंग वारेच्या कडेला असलेल्या रंगद्रव्याचा असतो. पिल्लांबरोबर किंवा नंतर तो दिसणे स्वाभाविक असले, तरी आधीच दिसला तर वार सुटू लागली असून आतील पिल्लाचा प्राणवायू तुटतो आहे, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी डॉक्टरांची फी वाचवण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन स्वतःच टोचण्याचा प्रकार अत्यंत घातक आहे, कारण हे औषध गर्भाशयाचे आकुंचन वाढवते, आणि पिल्लू आडवे अडकले असेल तर वाढलेल्या जोराने ते बाहेर न येता गर्भाशय फाटण्याचा धोका असतो.

जन्मानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला कुडकुडून स्वतःची ऊब राखता येत नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात त्याच्याजवळील हवा ८५ ते ९० अंश फॅरनहाइट ठेवावी लागते. वैशाखात मुंबईकराला याची फारशी चिंता नसली, तरी मार्गशीर्षात पुण्या-नाशकात व्यालेल्या मादीच्या पिल्लांना रात्रभर दिव्याची ऊब द्यावी लागते, आणि तीही पेटीच्या एकाच बाजूला, म्हणजे उष्मा वाढल्यास मादीला व पिल्लांना दुसरीकडे सरकता येते. गारठलेल्या पिल्लाला दूध पाजणे ही चुकीची दया ठरते, कारण गारठ्याने त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावलेली असते. आधी त्याला सावकाश ऊब द्यावी, मग दूध पाजावे. पहिल्या दिवसातच चीक पोटात गेला, तर आईच्या शरीरातील रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लाला मिळतात; नंतर ती शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता संपते. रोज ठरावीक वेळी पिल्लू काट्यावर ठेवणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाची तपासणी होय, कारण निरोगी पिल्लाचे वजन साधारण दहा दिवसांत दुप्पट होते आणि आजाराची पहिली खूण बहुधा वजन न वाढणे हीच असते. एका वेतासाठी हे सारे घरातील माणसे आलटून पालटून जागून करू शकतात. ज्या शेडमध्ये चाळीस माद्या आणि दोन नोकर आहेत, तेथे मालक कितीही सहृदय असला तरी ते होणे शक्य नाही.

तिसऱ्या आठवड्यानंतर खर्चाचे स्वरूप बदलते. जंत गर्भावस्थेतच आईकडून पिल्लात उतरत असल्याने दुसऱ्या आठवड्यापासूनच जंतनाशक द्यावे लागते, पिल्ले खाऊ लागतात, लसीकरण सुरू होते. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या दीर्घ अभ्यासातून असे दिसून आले, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान पिल्लू भावंडांशी आणि माणसांशी जे नाते जोडते, त्यावर त्याचा पुढचा स्वभाव बराचसा ठरतो. भावंडांच्या झोंबाझोंबीत चाव्याचा जोर आवरायला ते याच काळात शिकते. बाजारात मात्र ‘४५ दिवसांचे पिल्लू’ हा जणू ठरलेला माल आहे, कारण त्या वयात ते सर्वांत गोजिरवाणे दिसते आणि पुढच्या पंधरवड्याचे खाणे व लस घेणाऱ्याच्या माथी जाते.

प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम झाले, ते या पार्श्वभूमीवर वाचावे लागतात. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, मादी किमान १८ महिन्यांची असावी, आयुष्यात तिची पाचाहून अधिक वेते घेऊ नयेत, आठ वर्षांनंतर तिला पैदाशीस वापरू नये आणि आठ आठवड्यांआधी पिल्लू विकू नये, या अटी वरवर पाहता विखुरलेल्या वाटतात. वस्तुतः त्यांतील प्रत्येक अट नफा ज्या ठिकाणी मादीच्या शरीरातून किंवा पिल्लाच्या बालपणातून ओरबाडला जातो, नेमके तेच ठिकाण बंद करते. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून लागू झालेला ‘ल्यूसीचा कायदा’ याच दिशेने जातो: सहा महिन्यांखालील पिल्ले मध्यस्थ दुकानदाराला विकता येत नाहीत आणि पैदास करणाऱ्याने ती जन्मस्थानी, आईसोबत दाखवावी लागतात. आई पाहिली की तिचे वय, सुकलेले वा भरलेले अंग आणि राहण्याची जागा यांची साक्ष कागदाविना मिळते.

नफा मिळवणे हाच दोष आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. तपासण्या, जागरण, ऊब, लस आणि निवृत्त मादीचे उरलेले आयुष्य हे सर्व धरून जी किंमत निघेल ती मागणारा पैदासकार आपल्या श्रमाचा मोबदला घेतो. या बाबी गाळून जो स्वस्तात विकतो, त्याचा नफा म्हणजे मादीला आणि पिल्लांना नाकारलेली शुश्रूषाच होय. खऱ्या किमतीला पिल्लू महाग पडत असेल, तर कमी पिल्ले विकली जातील आणि काही घरे रस्त्यावरचे किंवा निवाऱ्यातील कुत्रे पाळतील. त्यात हळहळण्यासारखे काही नाही. मात्र काही जातींच्या बाबतीत शुश्रूषा कितीही चोख ठेवली तरी प्रश्न सुटत नाही, कारण पिल्लाचे डोके आणि मादीचे कटिर यांचा मेळच माणसाने बिघडवून ठेवला आहे. ब्रिटनमधील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बुलडॉग व फ्रेंच बुलडॉग या जातींमध्ये ८० टक्क्यांहून अधिक वेते सिझेरियनने झाल्याचे आढळले. अशा जातींची पैदास मुळात करावी का, याचा विचार पुढील लेखांकात.