चुकीला रात्र दाखवू नका

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी यंदा शिक्षण संपवून नोकरीला लागली. हिंजवडीला तिचे ऑफिस. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी पेढे घेऊन घरी आली, पाया पडली आणि म्हणाली, "मामा, अडतीस वर्षं बँकेत काढलीत. मला एक सल्ला द्या. पण एकच हं!"

सल्ल्यांची आपल्याकडे कधीच वाण नसते. मी १९८१ साली बँकेत लागलो तेव्हा वडिलांनी सांगितले होते, "मान खाली घालून काम कर. कुणाच्या डोळ्यावर येऊ नकोस." एका पगारावर सात माणसांचा संसार ओढलेल्या गृहस्थाचा तो सल्ला. त्यात अनुभव होता आणि भीतीही होती.

मोठ्या माणसांना मिळालेले सल्ले मोठे असतात. डॉ. रघुनाथ माशेलकर गिरगावातल्या युनियन हायस्कूलमधल्या भावे सरांची आठवण आवर्जून सांगतात. सरांनी मुलांना उन्हात नेले, भिंगातून सूर्याचे किरण कागदावर एकवटले आणि कागद जळू लागला. आपली शक्ती अशी एका जागी आणली तर काहीही साधता येते, हे त्या दिवशी त्या मुलाच्या मनावर ठसले. तोच मुलगा १९९५ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा महासंचालक झाला. डॉ. अब्दुल कलाम हवाई दलाच्या निवडीत नववे आले, आणि जागा होत्या आठ. खचलेल्या मनाने ते ऋषिकेशला गेले. तिथे स्वामी शिवानंदांनी त्यांना अपयश मागे टाकून पुढे जायला सांगितले.

असे सल्ले माणसाला उंच नेतात. मला मिळालेला सल्ला एवढा थोर नाही. पाय घसरतो त्या एका दिवसापुरताच तो आहे. पण असे दिवस प्रत्येकाच्या नोकरीत येतात.

माझी पहिली नेमणूक सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी झाली. सगळा व्यवहार हाताने चाले. उंच टेबलावर जाडजूड लेजर, पितळी टोकन आणि दिवसअखेरची बेरीज. तिथल्या हेड क्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणत. धोतर, काळी टोपी, मोत्यासारखे अक्षर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जवळ बसवून सांगितले, "चूक सगळ्यांच्याच हातून होते. माझ्याही झाल्यात. पण झाली की दिवस मावळायच्या आत सांगायची. चुकीला रात्र दाखवायची नाही." मी मान डोलावली. तरुणपणी सल्ला ऐकताना मान फार लवकर डोलते.

चार महिन्यांनी साखर कारखान्याकडून ऊसबिलांची यादी आली. शे-दीडशे नावे होती आणि प्रत्येकाच्या खात्यात रक्कम जमा करायची होती. एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन खातेदार होते. फरक फक्त वडिलांच्या नावाचा. एकाचे २६०० रुपये मी दुसऱ्याच्या खात्यात लिहिले. तपासणाऱ्या साहेबांच्याही नजरेतून ते सुटले. संध्याकाळी बेरीज पैशापैशाला जुळली. चुकीच्या खात्यात जमा केले तरी बेरीज जुळतेच, हीच त्यातली गोम!

लेजर कपाटात ठेवताना सहज पान उलटले आणि माझ्या पोटात गोळा आला. भाऊसाहेब अजून जागेवर होते, चष्मा पुसत होते. मधे फक्त दहा पावलांचे अंतर. पण माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती आणि कानात वडिलांचे शब्द होते. म्हटले, उद्या सकाळी लवकर येऊन भाऊसाहेबांना हळूच सांगू, गाजावाजा न होता दुरुस्त होईल. आणि मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी माझी एस.टी. वाटेत बंद पडली. शाखेत पोचलो तेव्हा तो दुसरा खातेदार पैसे काढून गेलाही होता. त्यालाही ऊसबिल यायचे होतेच, त्यामुळे त्याला शंका यायचे कारण नव्हते. आणि तो आठवडी बाजाराचा दिवस होता. ज्याचे पैसे होते तो शेतकरी साडेअकराला काउंटरवर आला. त्याने एका बैलाचा सौदा करून विसार दिला होता. उरलेली रक्कम दुपारपर्यंत द्यायची होती. खात्यात शिल्लक नाही म्हणून त्याची पावती परत आली. मागे रांग होती. कोणीतरी हसले. "सायेब, कारखान्यानं तर पैसं धाडल्यात," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

तेव्हा मी उठलो आणि भाऊसाहेबांना सांगितले. ते ओरडले नाहीत. "कधी कळलं तुम्हाला?" त्यांनी विचारले. "काल संध्याकाळी," मी म्हणालो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काल सांगितलं असतंत तर पाच मिनिटांचं काम होतं. चूक हाताची होती, पण रात्र मात्र तुम्ही दाखवलीत."

साहेबांच्या परवानगीने नोंदी उलट्या करून, कागदपत्रे पुरी करून त्या शेतकऱ्याच्या हातात रक्कम पडेपर्यंत चार वाजले. बैल दुसऱ्याने नेला होता. विसारही बुडाला. विसाराचे पैसे मी माझ्या पगारातून भरून दिले. दुसऱ्या खातेदाराकडून रक्कम वसूल व्हायला दोन महिने लागले. मला लेखी समज मिळाली, नोकरी मात्र राहिली. ज्या भीतीपोटी मी गप्प बसलो होतो, ते काही घडलेच नाही. घडले ते त्या शेतकऱ्याच्या बाबतीत.

पुढे तीन वर्षे मी त्या शाखेत होतो. तो शेतकरी येत राहिला. रागाचा शब्द त्याने कधी काढला नाही. पण दर वेळी पासबुक पुढे करून विचारी, "सायेब, ह्यो मीच न्हवं का? नीट बगा." ती समज फाइलमध्ये राहिली असेल. हा प्रश्न माझ्याबरोबर अडतीस वर्षे राहिला.

नंतर मी अधिकारी झालो तेव्हा एक गोष्ट उमगली. चूक सांगायला माणूस का कचरतो, याचे निम्मे उत्तर वरिष्ठाच्या चेहऱ्यावर असते. कोणी चूक सांगायला आला की मी आधी खुर्ची देत असे, प्रश्न नंतर. लेजर गेली, संगणक आले. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पैसे चुकीच्या खात्यात जायला क्षणही पुरेनासा झाला. आता चूक रात्रीचीही वाट बघत नाही.

भाचीला मी हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मामा, मला वाटलं होतं, पुढं कसं जायचं ते सांगाल."

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. संध्याकाळचे सहा वाजले असतील. आवाज रडवेला होता. "मामा, माझ्या हातून मोठी चूक झालीय."

"सांगितलीस?"

"आत्ताच. साहेब चिडलेत."

"चिडू देत," मी म्हणालो. "जेवून घे, आणि झोप."