पंचांचा सत्कार कसा करावा?



मधल्या सुट्टीत काही मुले ओट्यावर पोकेमॉनचे पत्ते मांडून बसतात. पाच-दहा मिनिटे खेळ शांतपणे चालतो, मग आवाज चढतो. "हा पत्ता आत्ता चालत नाही." "तू दोनदा उचललास." "मी आधीच सांगितलं होतं!" अशा वेळी एखादा मोठा मुलगा मध्ये पडतो. तो दोघांचे ऐकून घेतो, पत्त्यावरचा मजकूर वाचतो आणि निकाल देतो. खेळ पुन्हा सुरू होतो. घंटा वाजली की जिंकलेला नाचत वर्गात जातो, हरलेला पाय आपटत जातो. निकाल देणारा कोण होता, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

आजचा लेख त्या निकाल देणाऱ्याविषयी, म्हणजे पंचाविषयी आहे. पत्त्यांच्या या नव्या खेळांच्या मोठ्या स्पर्धा जगभर होतात आणि तिथे पंचांचे काम पुष्कळ वर्षे हौशी मंडळींनीच केले. पैसे न घेता राबणाऱ्या माणसाचा मान कसा राखायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढेही आला. त्यांनी काय केले, कुठे अडचण आली आणि आपल्या कबड्डीच्या मैदानाला त्यातून काय घेता येईल, ते पाहू.

हा खेळ कसा असतो?

आपल्या घरातला पत्त्यांचा जोड ५२ पानांचा असतो आणि तो सगळ्यांकडे सारखाच असतो. नव्या खेळात तसे नाही. इथे प्रत्येक खेळाडू पत्ते जमवतो, मित्रांशी अदलाबदल करतो आणि त्यातून स्वतःचा जोड स्वतः रचतो. म्हणून याला ट्रेडिंग कार्ड गेम म्हणतात. अशा खेळांची सुरुवात १९९३ साली अमेरिकेत 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाने झाली. तो रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या अभ्यासकाने तयार केला. पोकेमॉनचे पत्ते त्यानंतर १९९६ मध्ये जपानात निघाले.

गंमत अशी की, यातल्या जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो. मॅजिकचे आजवर वीस हजारांहून अधिक वेगवेगळे पत्ते निघाले आहेत. स्पर्धेच्या नेहमीच्या प्रकारात जोड किमान ६० पत्त्यांचा लागतो आणि साध्या जमिनीचे पत्ते सोडले तर एकाच नावाचे चारपेक्षा जास्त पत्ते ठेवता येत नाहीत. एक पत्ता म्हणतो "हे करता येईल", समोरचा म्हणतो "हे करता येणार नाही". मग खरे कोणाचे? नियमांचे पुस्तक दोनशे पानांहून मोठे आहे. ते सगळे पाठ असलेला खेळाडू विरळाच. म्हणून पंच लागतो. तिथे त्याला जज म्हणतात.

जज करतो तरी काय?

स्पर्धेत एका फेरीला साधारण ५० मिनिटे असतात. वाद झाला की खेळाडू हात वर करून "जज!" अशी हाक मारतो. जज येतो, दोघांकडून हकिकत ऐकतो, टेबलावरचे पत्ते पाहतो आणि निकाल देतो. त्यात जास्त वेळ गेला, तर तेवढा वेळ त्या टेबलाला वाढवून मिळतो. निकाल पटला नाही, तर खेळाडू मुख्य जजकडे दाद मागू शकतो. मुख्य जजचा शब्द मात्र शेवटचा.

जजने एक पथ्य कडक पाळायचे असते. नियम काय आहे ते तो सांगेल, पण "मग आता मी कोणता पत्ता टाकू?" याचे उत्तर तो देणार नाही.

याखेरीज मोठ्या स्पर्धेत खेळाडू आपल्या जोडाची यादी आधी लिहून देतात. जज मधेच एखादा जोड उचलून यादीशी ताडून पाहतात. सर्वांत नाजूक काम म्हणजे चूक आणि लबाडी यांतला फरक ओळखणे. अनवधानाने झालेल्या चुकीला बहुतेक वेळा ताकीद मिळते. चूक मोठी असेल तर एक डाव किंवा पूर्ण सामना जातो. जाणूनबुजून केलेल्या लबाडीला स्पर्धेतून हकालपट्टी. समोर बसलेल्या पोराच्या मनात काय होते, हे जजला चार प्रश्न विचारून ठरवावे लागते. हे काम पुस्तक पाठ करून येत नाही.

आपल्या मैदानावरचे जज

हे वाचून कबड्डी आठवली असेल तर नवल नाही. तिथेही एक सरपंच असतो (ग्रामपंचायतीचा नव्हे, सामन्याचा!), दोन पंच असतात, एक गुणलेखक आणि त्याचे दोन मदतनीस असतात. पंचाच्या खिशात पत्तेही असतात: हिरवा म्हणजे ताकीद, पिवळा म्हणजे दोन मिनिटे मैदानाबाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाद. चढाई करणाऱ्याचा पाय निदानरेषेपलीकडे पडला की नाही, बोट लागले की नाही, हे डोळ्याचे पाते लवते तेवढ्यात ठरवायचे असते. टीव्हीवरच्या सामन्यात तोच क्षण पुन्हा दाखवता येतो. गावच्या मैदानावर पंचाचे डोळे हाच कॅमेरा.

कबड्डीच का? तान्ह्या पोळ्याला मुलांचे लाकडी नंदी पाहून बक्षीस ठरवणारे काका, वक्तृत्व स्पर्धेत कागदावर गुण मांडणाऱ्या बाई, धावण्याच्या शर्यतीत दोरीपाशी उभे राहणारे माजी विद्यार्थी, हे सगळे पंचच. त्यांतल्या बहुतेकांना आपण चहा देतो आणि विसरतो.

विसरण्याची सवय तशी वरपासूनच आहे. देशात खेळाडूंसाठी १९६१ पासून अर्जुन पुरस्कार आहे, प्रशिक्षकांसाठी १९८५ पासून द्रोणाचार्य. आपल्या मध्यप्रदेशात खेळाडूंसाठी विक्रम आणि एकलव्य, तर प्रशिक्षकांसाठी विश्वामित्र पुरस्कार आहे. या यादीत पंचांच्या नावाचा पुरस्कार नाही. महाराष्ट्रात मात्र १५ जुलै हा शंकरराव तथा बुवा साळवी यांचा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून साजरा होतो आणि त्या निमित्ताने खेळाडूंबरोबर पंच आणि कार्यकर्ते यांचाही गौरव केला जातो. ही प्रथा घेण्यासारखी आहे.

पत्तेवाल्यांनी मान कसा दिला?

मॅजिकच्या जजना १९९८ पासून खास छापलेले चकचकीत पत्ते भेट मिळू लागले. ते दुकानात मिळत नसत, म्हणून त्यांचे अप्रूप होते. पुढे २०१४ मध्ये याहून चांगली गोष्ट सुरू झाली. एका जजने दुसऱ्या जजचे नाव सुचवायचे. पण नुसते नाव नाही, तर त्याने नेमके काय केले ते लिहून द्यायचे. "फार मेहनती आहे" एवढे पुरत नसे. रडणाऱ्या नव्या खेळाडूला त्याने नियम कसा समजावला, आपला निकाल चुकल्यावर तो स्वतःहून कसा कबूल केला, असे काहीतरी डोळ्यांनी पाहिलेले लिहावे, ही अपेक्षा होती. ते लिखाण त्या जजला वाचायला मिळे आणि सोबत भेटीचे पत्ते येत. आपले काम कोणीतरी बारकाईने पाहिले, हे त्यातून त्याला कळे.

पण सगळेच गोड झाले नाही. ते भेटीचे पत्ते बाजारात चांगल्या किमतीला विकले जाऊ लागले. मग प्रश्न उभा राहिला: ही भेट की मजुरी? २०१६ मध्ये काही जज अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले. आम्ही तासन्‌तास उभे राहून कंपनीच्या खेळाचे काम करतो, तेव्हा आम्ही नोकरच आहोत, आम्हाला मजुरी मिळावी, असे त्यांचे म्हणणे होते. २०१९ मध्ये कंपनीने जजांचा सगळा कारभार एका बाहेरच्या संस्थेकडे सोपवला. त्या संस्थेनेही २०२३ मध्ये काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर ठिकठिकाणच्या जजांनी आपापल्या संघटना बांधल्या.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, मान द्यायचा तर नेमक्या कामाचा द्यावा. दुसरी, सत्कार हा हक्काच्या गोष्टींच्या जागी देऊ नये. पंचाला भर उन्हात दिवसभर उभे करायचे, जेवणाची सोय नाही, परतीच्या बसचे भाडे नाही आणि शेवटी शाल-श्रीफळ द्यायचे, याला मान म्हणत नाहीत.

आपल्याकडे प्रश्न कुठे आहे?

काही वर्षांपूर्वी एका गावच्या स्पर्धेत मी गुणलेखक होतो. अंतिम सामन्यात पंचांनी एक गुण नाकारला. ते एक निवृत्त गुरुजी होते. नाकारला ते बरोबरच होते, मी रेषेजवळ बसलेलो होतो. पण प्रेक्षकांतून शिव्या आल्या, मैदानात चप्पल आली. गुरुजींनी सामना पूर्ण केला, शिट्टी धुऊन आयोजकांच्या हातात दिली आणि घरी गेले. पुढच्या वर्षी बोलावणे गेले तेव्हा ते म्हणाले, "आता डोळ्यांना कमी दिसतं." त्यांना चांगले दिसत होते. त्या वर्षी पंच मिळाले नाहीत म्हणून स्पर्धा दोन संघांच्या मैत्रीपूर्ण सामन्यावर भागवावी लागली. तयारी करून बसलेली बाकीच्या गावांची पोरे तशीच राहिली.

शिवी एका पंचाला दिली, खेळ गेला शंभर पोरांचा. म्हणून हा विषय शिष्टाचाराचा नाही, गरजेचा आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला. जिल्हा आपला झाला म्हणजे स्पर्धा भरवण्याची जबाबदारीही आपली. संघ तयार होतील, मैदाने आखली जातील. शिट्टी कोण धरणार?

आपण काय करू शकतो?

१. शाळेत एक पंच-वही ठेवावी. प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही संघनायकांनी पंचांविषयी दोन-तीन ओळी लिहाव्यात. नेमके काय पाहिले ते लिहावे, नुसते "छान" नको. हरलेल्या संघाने लिहिलेल्या ओळींचे मोल अधिक.

२. स्नेहसंमेलनात खेळाडूंच्या बक्षिसांच्या आधी पंचांचा सत्कार व्हावा आणि वहीतल्या ओळी व्यासपीठावरून वाचून दाखवाव्यात.

३. विश्वस्त मंडळाने पंचांचे जेवण, पाणी, सावली आणि प्रवासखर्च स्पर्धेच्या खर्चात आधीच धरावा. उरलेल्या पैशांतून नव्हे.

४. आठवी-नववीच्या ज्या मुलांना संघात जागा मिळत नाही, त्यांना गुणलेखन आणि पंचगिरी शिकवावी. कबड्डी संघटना पंच परीक्षा घेतात. मोठेपणी त्यांना त्या देता येतील. पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या मुलांनीही आपल्यातला एक जज आळीपाळीने नेमावा.

५. पालकांसाठी एकच विनंती. निकाल पटला नाही तर संघनायकाला बोलू द्या, आपण काठावरून ओरडू नका. मुलगा मैदानावर जेवढे शिकतो, तेवढेच काठाकडे पाहूनही शिकतो.

विद्यार्थी मित्रांनो, शाल, नारळ, चकचकीत पत्ता हे सगळे नंतरचे. पंचाचा पहिला सत्कार खेळाडूच्या हातात असतो. निकाल विरुद्ध गेला, मन खट्टू झाले, तरी "बरं सर" म्हणून रेषेबाहेर जाणे, आणि सामना संपल्यावर समोरच्या संघाबरोबर पंचांशीही हात मिळवणे. याला खर्च नाही आणि यासाठी संमेलनाची वाट पाहावी लागत नाही. उद्या मधल्या सुट्टीत ओट्यावर वाद होईल, तेव्हा निकाल देणाऱ्या त्या दादाचे नाव लक्षात ठेवा आणि पत्ते गोळा करताना त्याला "थँक्यू" म्हणा.