झाडपाला आणि कातडीची आग

वैशाखांतील उकाड्यानें मुलाच्या पाठीवर घामोळें उठलें, कीं घरांतील वडील बायका कुंडींतल्या कोरफडीचें पान तोडतात. ही चाल सोडावी असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ‘झाडपाल्याचें औषध; गुण आला नाहीं तरी अपाय तर नाहीं ना?’ हा जो विश्वास तिच्यामागें असतो, त्याविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

हा विश्वास किती फसवा आहे, तें बिब्याकडे पाहावें. परीट कपड्यांवर खूण करण्यासाठीं बिब्याचा रस वापरीत. तो अंगाला लागला कीं कित्येकांच्या अंगावर बिबा उततो. अशा खुणांमुळें हिंदुस्थानांतील अमेरिकन सैनिकांच्या अंगावर पुरळ उठल्याची हकीकत त्यांच्या डॉक्टरांनीं १९४३ सालीं प्रसिद्ध केली होती. बिबाही वनस्पतीच आहे!

कोरफडीच्या तर एकाच पानांत दोन निराळे पदार्थ असतात. सालीच्या लगत पिवळा, कडू चीक असतो. तो वाळवला म्हणजे काळा बोळ होतो. तो रेचक आहे, आणि कित्येकांच्या कातडीला झोंबतो. आग शमविण्याचा गुण आहे तो मधल्या बिनरंगी गराचा. त्याच्या १०० भागांत सुमारें ९८ भाग पाणीच असतें. तें उडून जातांना त्वचा थंड होते, आणि गराचा बुळबुळीत अंश तिचा ओलावा राखतो.

म्हणून पान कापल्यावर दहा-पंधरा मिनिटें उभें ठेवून चीक निथळूं द्यावा. नंतर तें धुवावें, साल काढावी आणि गर पुन्हा धुवावा. प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागेवर लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आली नाहीं, तरच दुखऱ्या जागीं लावावा. कातडी फुटली असेल, पू झाला असेल, तर मुळींच लावूं नये.

घामोळें होतें तें घामाचीं छिद्रें बुजल्यामुळें. तेव्हां थंड पाण्यानें स्नान, सैल सुती कपडे आणि वारा हाच त्यावरील मुख्य उपाय. गर हा केवळ मदतनीस होय. पुरळ पसरूं लागलें, अंगांत ताप भरला, किंवा आठवड्यांत उतार पडला नाहीं, तर मात्र घरगुती औषध बाजूस ठेवून मुलाला डॉक्टरांकडे न्यावें. औषध झाडाचें आहे एवढ्यानें भागत नाहीं. त्याचा कोणता भाग, कोठें आणि केव्हां लावावयाचा, हें ठाऊक असावें लागतें.