साखरेपलीकडचं इन्सुलिन

कामरगावच्या काळ्या रानात तूर सोंगून झाली की मागे धसकटं उरतात. तिरपी, टोकदार, चपलेतूनही आरपार घुसणारी. धडधाकट पाय थोड्या दिवसांत भरून येतो. पण जुनी शुगर असेल तर नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे धसकट रुतलेलं कळतच नाही. त्यात पायाकडचा रक्तपुरवठाही कमी पडत असेल, तर जखम महिनोन्‌महिने ओलीच राहते. अशा माणसाला इन्सुलिन टोचतात ते साखर उतरावी म्हणून. तेच इन्सुलिन थेट जखमेवर फवारलं तर?

जखमेतली साखर उतरवून काय मिळणार, असं कुणालाही वाटेल. पण ५१ अमिनो आम्लांच्या या इवल्याशा रेणूला साखर सांभाळण्याखेरीज आणखीही एक काम येतं. पेशींना तो सांगतो : अन्न आलंय, आता वाढा! हा निरोप ऐकणारे ग्राहक रेणू त्वचेच्या पेशींवर असतात, कोलॅजन विणणाऱ्या पेशींवर असतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतात. निरोप पोचला की जखमेच्या कडेच्या पेशी आत सरकू लागतात, नव्या केशवाहिन्या फुटतात, मांस भरू लागतं.

शास्त्रज्ञांना याची चाहूल फार लवकर लागली होती. टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं ११ जानेवारी १९२२ रोजी. त्यानंतर दोनच वर्षांत जॉर्ज गाय आणि विल्यम थालहायमर यांनी ते काचपात्रात वाढणाऱ्या पेशींना देऊन पाहिलं. (पुढे १९५१ मध्ये प्रसिद्ध ‘हेला’ पेशी वाढवल्या त्या याच गाय यांच्या प्रयोगशाळेनं.) आजही प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशी वाढवायच्या तर त्यांच्या खुराकात इन्सुलिन घालतात. शरीराबाहेर, जिथं मधुमेहाचा प्रश्नच नाही, तिथंही पेशींना ते हवं असतं! मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच.

मग टोचलेलं इन्सुलिन जखमेपर्यंत का पोचत नाही? एक तर तिथं रक्तच नीट जात नाही. शिवाय चिघळलेल्या जखमेच्या स्रावात प्रथिनं तोडणारी विकरं असतात आणि ती इन्सुलिनचाही फडशा पाडतात. म्हणून ते वरून, पुन्हा पुन्हा द्यायचं. इराणमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये ४५ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. इन्सुलिन फवारलेल्या जखमा दिवसाला सरासरी ४६ चौरस मिलिमीटर भरल्या, नुसतं सलाइन फवारलेल्या ३२.

पंचेचाळीस माणसं म्हणजे फार थोडी. हा उपचार अजून सर्वमान्य झालेला नाही, तेव्हा घरातली बाटली जखमेवर ओतू नये. सडलेलं मांस काढणं, पू हटवणं, पायातला रक्तपुरवठा तपासणं, जखमेवरचा भार टाळणं हे आधी, आणि ते डॉक्टरांच्याच हातून. दरम्यान, इन्सुलिन जेलमध्ये बांधून, विकरांपासून वाचवत, थेंबाथेंबानं सोडता येईल का यावर प्रयोग सुरू आहेत.